झ्यूस, अपोलो, आर्टेमिस : देव खोटे नव्हते, भुतं होती म्हणे!

चिंचोका (धागाकर्ता):

मागे इथल्याच एका धाग्यावर कुणीतरी लिहून गेलं होतं की ख्रिश्चन धर्म आला, त्याने ग्रीक-रोमन देव खोटे ठरवले, विषय संपला. तिथे भांडण भलत्याच गोष्टीवर चाललं होतं म्हणून गप्प बसलो पण ते डोक्यातून जाईना. कारण खोटे ठरवले असते ना तर खरंच विषय संपला असता, लाकूड-दगडाला कोण घाबरतं? पहिल्या तीन-चारशे वर्षातले ख्रिश्चन लेखक वाचले की कळतं त्यांचं म्हणणं पार उलट होतं. देवळात कोणीतरी खरोखर बसलेलं आहे, ते कौल देतं, आजार बरे करतं, बळीचं रक्त पितं, फक्त तो अपोलो नाही, अपोलोचं नाव लावून बसलेलं भूत आहे. भाविकाला ते असं म्हणतच नव्हते की तुझ्या नवसाला पावणारं कोणी नाहीये. पावतंय ते कोण आहे ते आधी बघ, असं त्यांचं सांगणं.

हे आलं कुठून? अर्धं ज्यूंच्या बायबलातून. यशया संदेष्टा मूर्तीची टर उडवतो (४४वा अध्याय). माणूस झाड तोडतो, अर्ध्या लाकडावर भाकरी भाजतो, मांस शिजवतो, मस्त शेकत बसतो आणि उरलेल्या ओंडक्याचा देव करून त्याच्या पाया पडतो की बाबा मला वाचव. ही झाली 'देव म्हणजे नुसतं लाकूड' वाली लाईन. पण त्याच बायबलात अनुवाद नावाच्या पुस्तकात, ३२व्या अध्यायात, तक्रार आहे की यांनी देवाला सोडून भुतांना बळी दिले. मग इसवी सनाच्या आधीच्या दोन-तीन शतकांत इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाकडच्या ज्यूंनी आपले ग्रंथ ग्रीकमध्ये आणले, तेव्हा ९६व्या स्तोत्रातलं "परक्यांचे देव म्हणजे कवडीमोल वस्तू" हे ग्रीकमध्ये "परक्यांचे देव म्हणजे दायमोनिया" (दायमॉन जातीचे अदृश्य आत्मे) असं झालं. ख्रिश्चनांच्या हाती पडलं ते हे ग्रीक बायबल. पुढे कित्येक शतकं ही ओळ देवळात जाणाऱ्यांच्या तोंडावर फेकली जात होती.

आता ग्रीकांच्या लेखी दायमॉन ही काही शिवी नव्हती. जुना ग्रीक कवी हेसिअड म्हणतो सुवर्णयुगातले लोक मेल्यावर दायमॉन होऊन माणसांची राखण करत फिरतात. सॉक्रेटिसला आतून 'हे करू नको' सांगणारं जे काही होतं ते पण याच जातीचं. प्लेटोकडे ही देव आणि माणूस यांच्या मधली मंडळी, इकडचे नवस तिकडे नि तिकडचे हुकूम इकडे पोचवणारी. ख्रिश्चनांनी हे मधलं अख्खं खातं उचललं आणि सरसकट सैतानाच्या नावावर चढवलं, आणि वरचे मोठे देव पण ओढून त्याच खात्यात टाकले.

नव्या करारात (बायबलचा ख्रिश्चन भाग) याची पहिली नीट चर्चा होते ती मटणावरून. ग्रीसमधलं करिंथ शहर, साल साधारण ५५. देवळात कापलेल्या जनावराचं मांस बाजारात विकायला यायचं, शिवाय देवळातच पंगती बसायच्या, धंद्यातल्या ओळखीपाळखी तिथेच व्हायच्या. पॉल (सुरुवातीचा मोठा ख्रिश्चन प्रचारक) तिथल्या लोकांना लिहिलेल्या एकाच पत्रात दोन सुरात बोलतो. आठव्या अध्यायात म्हणतो मूर्ती म्हणजे काहीच नव्हे. दहाव्यात म्हणतो ते लोक बळी देतात ते भुतांना देतात, प्रभूच्या पंगतीत आणि भुतांच्या पंगतीत दोन्हीकडे बसायचं चालणार नाही. पण खाटकाकडचं मटण खुशाल खा, कुठून आलं विचारत बसू नका! मला ही ॲडजस्टमेंट भारी वाटते. मांस बिघडलेलं नाही, पंगत बिघडलेली आहे.

बाकी अर्धा भाग हनोखचा ग्रंथ नावाच्या दुसऱ्या एका जुन्या ज्यू पुस्तकातून आला. त्यात २०० देवदूत हर्मोन डोंगरावर उतरतात, माणसांच्या पोरींवर भाळतात, त्यांना अवाढव्य राक्षसी पोरं होतात आणि ती मेल्यावर त्यांचे आत्मे भटकत राहतात नि लोकांकडून स्वतःची पूजा करून घेतात. आता जस्टिन नावाचा माणूस बघा, मूळचा पॅलेस्टाईनमधल्या शोमरोन भागातला, तत्त्वज्ञाचा झगा घालून रोममध्ये शिकवायचा, १५० नंतरच्या दोन-चार वर्षात त्याने थेट सम्राटाला अर्ज लिहिला. त्याने हीच गोष्ट ग्रीक पुराणांना लावली. झ्यूसची लफडी, बापलेकांच्या मारामाऱ्या, हे सगळं घडलेलंच आहे म्हणतो, पण करणारे हे पतित देवदूत आणि त्यांची पोरं. होमरबिमर खोटं बोलत नव्हते, त्यांना आरोपी ओळखता आला नाही एवढंच. आणि वर सॉक्रेटिसला आपल्या बाजूला ओढतो, त्याने या भुतांना उघडं पाडायचा प्रयत्न केला म्हणून त्याला नास्तिक ठरवून मारलं, आम्हालाही तुम्ही नास्तिकच म्हणता. (तेव्हा ख्रिश्चनांवरचा नेहमीचा आरोप हाच होता, देव न मानणारे लोक.) १६५ च्या सुमारास जस्टिनचाही शिरच्छेद झाला.

बाकीचं लिहितो सवडीने, आधी तुम्ही बोला.

बोरकूट:

वाचनखूण साठवली. पण चिंचोकाराव, एवढं गोल फिरवायची काय गरज, ही सरळसरळ समोरच्या दुकानाची बदनामी झाली की. तुमचा माल भेसळीचा, आमचा ओरिजिनल. यात थिऑलॉजी कुठे आली?

चिंचोका:

@बोरकूट, बदनामी आहेच, नाही कुठे म्हणतोय. पण ती समोरच्यांना पटण्यासारखी का होती हे बघायला पाहिजे. ख्रिश्चनांचा त्या काळातला सगळ्यात हुशार शत्रू म्हणजे पॉर्फिरी, तिसऱ्या शतकातला, टायर गावचा. त्याने ख्रिश्चनांविरुद्ध एवढं लिहिलं की पुढे सम्राटांनी ती पुस्तकं जाळायला लावली. हाच पॉर्फिरी मांस सोडण्याबद्दल लिहिताना काय म्हणतो, की खऱ्या देवाला मांसाची गरज नाही, रक्त आणि जळत्या चरबीचा धूर आवडतो तो दुष्ट दायमॉनना, त्या वाफेवर ते पोसतात आणि गलेलठ्ठ होतात, शहाण्या माणसाने असले बळी देऊ नयेत. झालं! युसेबियस आणि नंतर ऑगस्टिन या दोघा ख्रिश्चन लेखकांनी ते उचललं, बघा तुमचाच माणूस काय म्हणतोय.

त्याआधीचा सेल्सस पण बघा, हाही ख्रिश्चनांचा टीकाकार, साधारण १७८. तो म्हणतो दायमॉन म्हणजे बादशहाचे सुभेदार, पाऊसपाणी, पिकं, हवा सगळं त्यांच्या अखत्यारीत, त्यांच्या मुलखात राहून खाता-पिता तर मुजरा करायला काय जातं. सत्तरेक वर्षांनी ख्रिश्चन लेखक ओरिजेन त्याला उत्तर देतो तेव्हा 'असे कोणी सुभेदार नाहीतच' असं चुकूनही म्हणत नाही. म्हणतो सुभेदार आहेत, ते देवदूत, तुम्ही ज्यांना मुजरा करताय ते बंडखोर आहेत, नुसत्या धुरावर जगणारे. भांडण नेमणूकपत्राचं आहे, माणूस आहे का नाही याचं नाहीच.

वायफळ_मास्तर:

चांगला धागा. यात एक व्यवहाराची बाजू राहतेय ती टाकतो.

प्लिनी हा ११० नंतर काळ्या समुद्राच्या काठच्या बिथिनिया-पाँटसचा गव्हर्नर होता. तो ट्रेजन बादशहाला कळवतो की आता देवळं परत भरायला लागलीयेत आणि बळीच्या मांसाला गिऱ्हाईक मिळतंय, मधे घेणारा क्वचितच मिळत होता. म्हणजे पॉलने चौकशी न करता खा सांगूनसुद्धा लोक मटण टाळत होते. थिअरी खालपर्यंत झिरपली होती.

मग २४९-५० मध्ये डेशियस बादशहाचा हुकूम आला, साम्राज्यातल्या सगळ्यांनी देवाला बळी द्यायचा आणि कमिशनसमोर दिल्याचं सर्टिफिकेट घ्यायचं. इजिप्तच्या कोरड्या वाळूत यातली चाळीसेक सर्टिफिकेटं पपायरसवर सापडलीत. मजकूर ठराविक असतो, मी कायम देवांना बळी देत आलोय, आत्ताही तुमच्या समोर अर्घ्य ओतलं, बळी दिला, प्रसाद चाखला, कृपया खाली सही करावी. त्यात एक सर्टिफिकेट पेटेसुखोस या मगरदेवाच्या पुजारणीचं आहे! पुजारीण असून तिलाही लायनीत उभं राहून लिहून घ्यायला लागलं की मी देव मानते, सरकारी काम तेव्हाही तसंच.

आता विचार करा, देव म्हणजे लाकूडच असेल तर चिमूटभर धूप टाकायला काय हरकत होती? बऱ्याच जणांनी टाकलाच, काहींनी पैसे चारून नुसता कागद मिळवला. पण ज्यांना ते भुतांचं जेवण वाटत होतं त्यांना ते शक्य नव्हतं. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा बिशप सिप्रियन एका तान्ह्या मुलीची गोष्ट सांगतो. आईबाप पळून गेले, पोर दाईकडे राहिली, दाईने तिला अधिकाऱ्यांकडे नेलं. पोरीला मांस खाता येईना म्हणून मूर्तीपुढच्या वाइनमध्ये भिजवलेला पाव तिच्या तोंडात घातला. पुढे आईने तिला चर्चमध्ये आणलं तर पोर रडून रडून हैराण, प्रभुभोजनाचा प्याला जवळ आला की तोंड घट्ट मिटून घेते. डीकनने (बिशपच्या हाताखालचा सेवक) जबरदस्तीने थोडं पाजलं तर ओकून टाकलं. सिप्रियन हे सांगतो ते अर्थातच लोकांना धाक बसावा म्हणून. पण ऐकणाऱ्यांना खरं वाटत होतं, आत गेलेलं काहीतरी अजून आत बसलंय.

टंकनदोष:

ते इराण्यांनी आपले देव राक्षस केले आणि आपण त्यांचे असुर, तसंच ना हे? +१

चिंचोका:

@टंकनदोष, दिसायला तसंच. पण पारशांच्या अवेस्ता ग्रंथातल्या दएवांचं (म्हणजे देवांचे झालेले राक्षस) प्रकरण फार जुनं आणि त्यात नक्की काय घडलं यावर पंडितांचं एकमत नाही. इथे आपल्याकडे तारीखवार कागद आहेत म्हणून मजा आहे. तो वेगळा धागा होईल.

सुकेळी:

मी वसईची, आमच्या घरात हे सगळं चालू आहे अजून :) बाप्तिस्म्याच्या वेळी फादर विचारतात सैतानाला सोडता का, त्याची सगळी कामं सोडता का, त्याचा सगळा थाटमाट सोडता का, आणि आम्ही सगळे कोरसमध्ये हो म्हणतो. मला लहानपणी प्रश्न पडायचा, सैतानाचा कसला आलाय थाटमाट?

नंतर वाचलं तेव्हा कळलं की लॅटिनमध्ये तिथे जो शब्द आहे तो मिरवणुकीचा. रोममध्ये सर्कसमध्ये रथांच्या शर्यती सुरू व्हायच्या आधी देवांच्या मूर्ती मिरवत आणायचे. टर्टुलियन (ख्रिश्चन लेखक, कार्थेजचाच, २०० च्या आसपासचा) म्हणतो की बाप्तिस्म्यात तुम्ही जे सोडलंत ते हेच, मग स्टेडियममध्ये काय करताय? त्याची एक गोष्ट फेमस आहे, एक बाई नाटक बघायला गेली नि अंगात भूत घेऊन घरी आली. भूत काढणाऱ्याने दरडावलं की ख्रिस्ताच्या बाईला धरायची तुझी हिंमत कशी झाली, तर भूत म्हणे, मी बरोबरच केलं, ती माझ्या हद्दीत सापडली. वकिली पॉईंट आहे की नाही!

आणि जेरुसलेमला ३५० च्या आसपास कसं करायचे माहितेय, पश्चिमेकडे तोंड करून, हात लांब करून, जणू सैतान समोर उभा आहे असं समजून त्याला सांगायचे की तुला सोडलं, मग पूर्वेकडे वळायचं. तिथल्या शिकवणुकीत यादीच दिलीये काय काय सैतानाची सेवा धरायची. मूर्तीपुढच्या जत्रेत टांगलेलं मांस नि भाकऱ्या, झऱ्याकाठी नदीकाठी दिवे लावणं, धूप जाळणं, शकुन बघणं, ताईत बांधणं. ताईत आमच्याकडे अजून बांधतात, फादरना दिसणार नाही असा.

अवांतर: २५१ साली रोमच्या चर्चमध्ये ४६ धर्मगुरू, ७ डीकन आणि भूत उतरवणारे, वाचक, दारवान मिळून ५२ जण होते, बिशप कॉर्नेलियसचं पत्रच आहे. भूत काढणं ही पगारी पोस्ट होती हो.

रातकिडा:

सैतानाला शिंगं, बकऱ्याचे पाय, शेपूट कुठून आली मग? ग्रीकांचा पॅन देव! चर्चने मुद्दाम पॅनचं चित्र उचलून सैतान बनवला, हे तर सगळ्यांना माहीत आहे.

चिंचोका:

@रातकिडा, सगळ्यांना माहीत असलेल्या गोष्टींचाच घोळ असतो. हलके घ्या. पहिली कित्येक शतकं ख्रिश्चन चित्रांत शिंगवाला सैतान सापडत नाही. रावेन्नाला सहाव्या शतकातलं मोझेक आहे, ख्रिस्त मेंढ्या आणि बकऱ्या वेगळ्या करतोय, त्यात बकऱ्यांच्या बाजूला एक निळा देवदूत उभा आहे, तो सैतान असावा असं बरेच जण म्हणतात. देखणा आहे चांगला, डोक्यामागे प्रभावळ वगैरे. शिंगं-खुरं मध्ययुगात बरीच उशिरा आली. तेव्हा पॅनचा थोडा हात असेलही, पण मुद्दाम उचलून बनवला हे नाही.

पॅनचा खरा संबंध वेगळ्या ठिकाणी आहे. ग्रीक लेखक प्लुटार्क एक किस्सा सांगतो, टायबेरियस बादशहाच्या काळातला. पॅक्सी बेटाजवळ वारा पडून जहाज थांबलंय, बेटावरून आवाज येतो, थामूस! (हा जहाजाचा तांडेल, इजिप्तचा.) तिसऱ्या हाकेला त्याने ओ दिली तेव्हा आवाज म्हणाला, पालोदेसपाशी पोचलास की सांग, महान पॅन मेला. त्याने तिथे जाऊन किनाऱ्याकडे तोंड करून तसं ओरडून सांगितलं तर एकदम खूप जणांचं रडणं ऐकू आलं. प्लुटार्कला यातून दायमॉन मरू शकतात का, देवळांचे कौल बंद का पडले, हे बघायचं होतं. युसेबियसने तारीख बघितली, टायबेरियस म्हणजे येशूचाच काळ! येशू भुतं काढत फिरत होता तेव्हाच हे मेलं, असा पुरावा म्हणून छापला त्याने. 'बघा पॅन कधी नव्हताच' असं म्हणणं सोपं होतं, ते त्याने केलं नाही.

गरम_भजी:

इतकं गोडगोड चाललंय की वाटावं सगळे तत्त्वज्ञान करत बसले होते. देवळं फोडली, मूर्तींची नाकं उडवली, त्याचं काय? भुतं म्हणायचं आणि मग हातोडा घ्यायचा, सोयीचं आहे.

गरम_भजी:

(प्रतिसाद काढून टाकला आहे)

वायफळ_मास्तर:

@गरम_भजी, बरोबर आहे, चौथ्या शतकात सत्ता आली आणि थिअरीला हात फुटले. पण तिथेही प्रकरण वाटतं तितकं सरळ नाही.

तेव्हाच्या सीरियातल्या अँटिओक शहराबाहेर दाफ्ने नावाची झाडी-झऱ्याची सुंदर जागा होती, तिथे अपोलोचं मोठं देऊळ. ३५० च्या दशकात गॅलस नावाच्या राजपुत्राने देवळाशेजारी बाबिलास या हुतात्मा बिशपची हाडं आणून पुरली. अपोलोचा कौल बंद पडला. मग आला ज्युलियन, ख्रिश्चन वाढलेला पण जुने देव परत आणू पाहणारा बादशहा. ३६२ मध्ये तो कौल लावायला गेला तर कळलं की जागा मढ्यांनी भरलीये म्हणून देव बोलत नाही. ज्युलियनने पेटी हलवायला लावली. ख्रिश्चनांनी काय करावं, पेटी वाजतगाजत नेली, वाटेत स्तोत्र म्हणत, मूर्ती पूजणारे सगळे फजीत होवोत. थोड्याच दिवसांनी, २२ ऑक्टोबरला रात्री देऊळ पेटलं, छप्पर आणि मूर्ती खाक. ज्युलियनने संशय ख्रिश्चनांवर धरून अँटिओकचं मोठं चर्च बंद केलं, ख्रिश्चन म्हणाले वरून आग पडली. माझा मुद्दा वेगळा आहे, हाडांनी अपोलोचं तोंड बंद केलं यावर दोन्ही पार्ट्यांचं एकमत होतं! फक्त एकाला तो विटाळ वाटला नि दुसऱ्याला पराक्रम.

अलेक्झांड्रियाचं सेरापिस देवाचं देऊळ ३९१-९२ ला पडलं, बिशप थिओफिलस पुढे होता. लोकांत समज होता की मूर्तीला माणसाचा हात लागला तर पृथ्वी दुभंगेल, आभाळ कोसळेल. एका सैनिकाने कुऱ्हाड उचलून जबड्यावर घातली. काही झालं नाही. डोकं फुटलं तर आतून उंदीर पळाले. इथे बघा परत यशयाची लाईन आली, बघा नुसतं लाकूड. ज्या दिवशी जी सोयीची ती लाईन, यात मात्र तुमच्याशी सहमत.

पण खूप ठिकाणी फोडण्यापेक्षा वेगळंच केलेलं दिसतं. ब्रिटिश म्युझियममध्ये जर्मॅनिकस या रोमन राजपुत्राचा हिरवट-काळ्या दगडाचा पुतळा आहे, इजिप्तमध्ये घडवलेला. नाक तोडलंय आणि कपाळावर क्रॉस कोरलाय. अथेन्सच्या म्युझियममध्ये आफ्रोदिती देवीचं डोकं आहे, तिच्याही कपाळावर क्रॉस. बाप्तिस्म्यात कपाळावर जी खूण करतात तीच. आतल्याला बाहेर काढायचं आणि परत शिरू नये म्हणून सील मारायचं. नुसता दगड असता तर एवढा खटाटोप कशाला? आताच्या तुर्कस्तानातल्या एफिससला तर लेखच सापडला, देमेआस नावाच्या माणसाचा, मी 'भूत आर्टेमिस'ची फसवी मूर्ती काढून इथे सत्याची खूण म्हणजे क्रॉस उभारला. ज्या गावात आर्टेमिसचं देऊळ जगातल्या सात आश्चर्यांत मोजायचे तिथे!

आणि हे पण लक्षात घ्या, ३८२ चा कायदा आहे, मेसोपोटेमियाकडच्या ऑस्रोईन प्रांतातल्या एका देवळाबद्दल. देऊळ उघडं राहू द्या, तिथल्या मूर्ती देव म्हणून नको, कारागिरी म्हणून बघाव्यात, बळी मात्र चालणार नाही. कायद्यावर नाव थिओडोसियस बादशहाचं, ज्याच्या राज्यात दहा वर्षात सेरापिस पडला. सरकार कागदावर एक म्हणतं आणि रस्त्यावर दुसरं होतं.

बोरकूट:

ते कपाळावरच्या क्रॉसचं पटलं. बदनामीवाला प्रतिसाद अर्धा मागे घेतो, अर्धा ठेवतो :)

घावणे:

मंडळी, तुम्ही रोम-अथेन्स करताय पण आमच्या दारातली गजाल कोणी काढेना. सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडे नि गोव्यात देवचार म्हणजे गावचा राखणदार. रात्री शिवेवरून फेरी मारतो, हातात दांडा, पायात जाड वहाणा, त्यांची करकर ऐकू येते म्हणतात. वाट चुकलेल्या माणसाला घराकडे आणून सोडतो. त्याला रोट, विडी, कुठे दारूचा नैवेद्य ठेवतात. चिंचोक्याने वर हेसिअडचे राखण करत फिरणारे लोक सांगितले ना, अगदी तोच.

आणि गोव्याच्या ख्रिस्ती कोकणीत देवचार म्हणजे कोण? सैतान. थेट. पोर्तुगीज येताना ही हजाराहून जास्त वर्षांची थिअरी तयार बांधून घेऊन आले होते, इथे आल्यावर फक्त नावं भरली. १५४० च्या सुमारास तिसवाडीतली देवळं गेली, १५६० च्या दशकात बार्देस-साष्टीतली. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. मोठे देव नदी ओलांडून वाचले. देवचाराला पालखी नाही, तो जाणार कुठे, तो शिवेवरच राहिला. आज त्याच्या जागेवर मेणबत्ती लावणारे दोन्ही धर्मांचे लोक भेटतात तुम्हाला, अर्थात कोणी कबूल करणार नाय.

सुकेळी:

@घावणे, मेणबत्तीवाल्या वाक्याला कडक सलाम.

चिंचोका:

@घावणे, याची मला माहिती नव्हती, जबरदस्त. पोर्तुगीजांचा विषय निघालाच आहे तर, ही थिअरी त्यांच्या स्वतःच्या देशात खेड्यापाड्यांत कशी पोचवली त्याचा कागद आहे. ब्रागाचा बिशप मार्टिन, ५७० च्या दशकात खेडुतांसाठी लिहिलेलं प्रवचन. जलप्रलयानंतर लोक देवाला विसरले, मग सैतानाची माणसं डोंगरात, झाडीत, झऱ्याकाठी दिसायला लागली, एक म्हणाला मी ज्युपिटर, एक म्हणाला मी मार्स, एक म्हणाला मी व्हीनस, आणि लोक पूजायला लागले. दगडापाशी, झाडापाशी, तिठ्यावर मेणबत्ती लावता ते काय आहे, असं विचारतो. (मेणबत्तीच!) आठवड्याच्या वारांना असल्या भुतांची नावं का, यावर पण चिडलाय. पोर्तुगीजमध्ये आजही सोमवार ते शुक्रवार दुसरा, तिसरा, चौथा असेच आकड्यांचे वार आहेत, त्याचं श्रेय त्यालाच देतात. गोव्यातल्या ख्रिस्ती कोकणीत मात्र सोमार, मंगळार, बुधवार शिल्लक.

दुसरी तऱ्हा पोप ग्रेगरीची. ६०१ मध्ये इंग्लंडला निघालेल्या मेलिटसला कळवतो की देवळं पाडू नका, आतल्या मूर्ती काढा, पवित्र पाणी शिंपडा, वेदी मांडा. हे लोक भुतांपुढे बैल कापतात ना, मग संतांच्या सणाला त्यांना कापून खाऊ द्या, फक्त देवाचं नाव घेऊन. पॉलच्या मटणापासून साडेपाचशे वर्षं गेली तरी प्रश्न मटणाचाच.

रातकिडा:

मग थोर, ओडिन हे का नाही झाले भुतं? मार्व्हलमध्ये तर हिरो आहेत.

चिंचोका:

@रातकिडा, झाले की. जर्मनीत आठव्या-नवव्या शतकातली बाप्तिस्म्याची शपथ शिल्लक आहे, जुन्या सॅक्सन भाषेत, त्यात माणसाला म्हणायला लावायचे की मी थुनार, वोदेन आणि सॅक्सनोट यांना आणि त्यांच्या बरोबरच्या सगळ्या भुतांना सोडतो. थुनार म्हणजे तुझा थोर.

पण आइसलँडला दुसरं औषध वापरलं. देश १००० च्या सुमारास ख्रिश्चन झाला. १२२० च्या आसपास स्नोरी स्टुर्लसन लिहायला बसला तेव्हा तो म्हणतो की ओडिन हा आशियाकडून आलेला एक राजा, जादूटोणा जाणणारा, लोकांनी खुळ्यासारखं त्याला देव केलं. ही आयडिया पण ग्रीकांचीच, इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास युहेमेरस म्हणून गेला होता की देव म्हणजे जुने मेलेले राजे. ख्रिश्चन लेखकांनी दोन्ही आयडिया वापरल्या, कधी तर एकाच पानावर, मेलेला राजा आणि त्याचं नाव घेऊन बसलेलं भूत. स्नोरीने भुताचा भाग सोडला. देव माणूस झाला की त्याच्या गोष्टी सांगायला पाप लागत नाही, म्हणून त्याने बिनधास्त लिहिल्या, हातोडा, बकऱ्यांचा रथ, सगळं. शपथेतल्या त्या सॅक्सनोटचं मात्र नाव तेवढं उरलंय, तिथे आणि इंग्लंडात एसेक्सच्या राजांच्या वंशावळीत. तो काय करायचा, कुणाशी भांडला, कुणावर भाळला, एक गोष्ट शिल्लक नाही. भूत ठरला म्हणून त्याच्या गोष्टी कोणी लिहिल्या नाहीत, हे माझं मत हां, त्याला इतरही कारणं असतील.

लोकीबद्दल विचारू नका, त्यावर कोणीतरी वेगळा धागा काढा, माझा वाचन तेवढं नाही त्या बाजूचं.

टंकनदोष:

"माझा वाचन" नव्हे, "माझं वाचन". बाकी धागा झकास.